देहाची खतावणी

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी एक ताळेबंद मांडला जातो. जमेच्या बाजूला पहिली डॉक्टरकी, दुसरे इंजिनिअरिंग, आणि ज्याला ही दोन्ही साधली नाहीत त्याच्यासाठी अगदी तळाला एक किरकोळ खाते उघडलेले असते. त्या खात्याचे नाव बी.एस्सी. तिथे गेलेल्या मुलाची चौकशी शेजारीपाजारी जरा हलक्या आवाजातच करतात. त्यातून विषय बायोकेमिस्ट्री, म्हणजे जीवरसायनशास्त्र असला, तर विचारणाऱ्याची पंचाईत होते. हे प्रकरण जीवशास्त्रात मोडते की रसायनशास्त्रात, याचा अंदाज न आल्याने तो "छान, छान" म्हणतो आणि पावसापाण्याकडे वळतो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीने हाच विषय घेतला आणि एम.एस्सी.ची दोन वर्षे, २०२१ ते २०२३, ती आमच्याकडे राहिली. मी नुकताच बँकेतून निवृत्त झालो होतो. पदवी वाणिज्य शाखेची, हयात खतावण्या तपासण्यात गेलेली. लिहायला घेतलेली कादंबरी पाचव्या प्रकरणात अडून बसलेली. अशा वेळी घरातल्या टेबलावर हजार-हजार पानांची, रंगीत आकृत्यांची पुस्तके येऊन पडली, तर माणूस ती चाळणारच. चाळता चाळता मी अडलो, की भाचीला विचारू लागलो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मामा, मधूनमधून विचारून काही कळायचं नाही. पहिल्या प्रकरणापासून बस. आणि घाबरू नकोस, हा सगळा हिशेबच आहे." हिशेब म्हटल्यावर मी बसलो. त्या दोन वर्षांत विद्यापीठातली मुले या विषयात नेमके काय शिकतात, ते मला थोडेफार कळले. तेच आज सांगायचे आहे, कारण ते केवळ परीक्षेपुरते नाही.

पहिले प्रकरण निघाले पाण्याचे. मला वाटले होते, एकदम डीएनए वगैरे सुरू होईल. पण आपल्या वजनात निम्म्याहून अधिक पाणीच असते आणि देहातला सगळा व्यवहार त्या पाण्यात चालतो. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित ऋणभारित, दुसरे किंचित धनभारित. म्हणून मीठ त्यात विरघळते, तेल विरघळत नाही. तेलासारखे पाण्याला टाळणारे पदार्थ पाण्यात आले की एकमेकांना चिकटून बसतात. अनोळखी लग्नात आपल्या गावची चार माणसे जशी एका कोपऱ्यात गोळा होतात, तसे. ही साधी गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे एका मुलीच्या आयुष्याशी तिचा संबंध येणार आहे.

पाण्यापाठोपाठ येतो सामू. आंबटपणा आणि अल्कता मोजायची ही पट्टी. आपल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्याच अरुंद पट्ट्यात राहतो. आपण लिंबू पिळा, चिंचेची आमटी ओरपा, नाहीतर सोडा प्या. रक्त जागचे हलत नाही. रक्तातले बायकार्बोनेट तात्पुरता धक्का सोसते, फुफ्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून काही मिनिटांत सावरतात आणि मूत्रपिंडे सावकाश, पण पक्का बंदोबस्त करतात. बँकेला राखीव निधी ठेवावा लागतो तो याचसाठी. एका दिवशी गर्दी झाली म्हणून दार लावता येत नाही. हे प्रकरण वाचल्यापासून 'रक्त अल्कधर्मी करणारे पाणी' अशा जाहिराती पाहिल्या की मला गंमत वाटते. ते महागडे पाणी आधी जठरातल्या आम्लात उतरते आणि तिथून पुढे गेले तरी फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे त्याला विचारीत नाहीत. पहिल्या सत्राच्या पहिल्या महिन्यातच विद्यार्थ्याला हे कळते. घरातल्या वडीलधाऱ्यांचे त्याने किती पैसे वाचवले, याची नोंद मात्र गुणपत्रिकेत होत नाही.

मग येतात प्रथिने. वीस प्रकारची अमिनो आम्ले माळेतल्या मण्यांसारखी ओवली जातात आणि ती माळ स्वतःभोवती विशिष्ट पद्धतीने दुमडते. माळ कशी दुमडू शकते आणि कशी शकत नाही, याचा नकाशा मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये काढला. जगभरातल्या पाठ्यपुस्तकांत तो 'रामचंद्रन आलेख' म्हणूनच छापला जातो. प्रथिनांचे आकार संगणकाकडून वर्तवून घेण्याच्या कामाबद्दल डेमिस हासाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पण संगणकाने काढलेला आकार पटण्याजोगा आहे की नाही, हे पाहताना आजही मुले तो रामचंद्रन आलेखावर टाकून बघतात. साठ वर्षांपूर्वीची आपल्याकडची पट्टी अजून मोजमापाला वापरतात, हे वाचून मला बरे वाटले.

प्रथिनांपैकी जी कामकरी, ती एन्झाइमे, मराठीत विकरे. त्यांचे गणित लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये मांडले. भाचीने समीकरण लिहून दाखवले. मला काही उमजेना. मग मी पेन्शनवाटपाचा दिवस आठवला. खिडकीवर एक कॅशियर. ग्राहक थोडे असले तर जितके येतील तितक्यांचे काम लगेच होते. गर्दी वाढली की काम वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. कॅशियरचा हात तासाला साठ माणसे करू शकत असेल, तर बाहेर सहाशेंची रांग लागली तरी साठच होणार. एन्झाइमाचेही तेच. आणि कधीकधी एखादे गृहस्थ चुकीची स्लिप घेऊन खिडकीशी उभे राहतात; व्यवहार होत नाही, पण खिडकी अडते. औषधांचा एक मोठा वर्ग असाच काम करतो. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे यकृतातल्या एका एन्झाइमाची खिडकी अशीच अडवून धरतात. त्यांचा शोध जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशी तपासताना लावला. रात्री जेवणानंतर मी जी छोटी गोळी घेतो, ती त्याच कुळातली. गोळी पूर्वीही घेत होतो. आता कोणाची खिडकी अडते, ते ठाऊक आहे.

माझ्यासारख्याला खरा रस आला तो ऊर्जेच्या प्रकरणात. पेशीत सगळे देणेघेणे एटीपी नावाच्या रेणूत चालते. हात उचलायचा, विचार करायचा, जखम भरायची, सगळ्याचे बिल एटीपीत. आता हिशेब पाहा. कोणत्याही क्षणी अंगात असलेला एटीपीचा साठा पाव किलोच्या आतच असतो. पण दिवसभरात आपण वापरतो तो साधारण आपल्या वजनाइतका. म्हणजे तोच रेणू दिवसातून शेकडो वेळा खर्ची पडतो आणि पुन्हा भरला जातो. इतक्या थोड्या रोकडीवर इतकी मोठी उलाढाल करणारी शाखा मी तरी पाहिली नाही.

ही टांकसाळ असते पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये. कोयनेच्या धरणात पाणी अडवून ते टर्बाइनवर सोडतात, तसे इथे एका पातळ पडद्याच्या एका बाजूला हायड्रोजनचे धनभारित कण साठवले जातात आणि ते एका फिरत्या यंत्रातून परत येताना एटीपी तयार होतो. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा ती फार थोड्यांना पटली. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्या चिमुकल्या यंत्राच्या उलगड्याबद्दल पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ मध्ये. त्याआधीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ज्याचे चक्र आज शाळकरी मुलेही पाठ करतात, त्या हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये आपला शोध 'नेचर'कडे पाठवला. आमच्याकडे पुढच्या कित्येक आठवड्यांची पत्रे आधीच पडून आहेत, असे सांगून तो परत आला. मग तो हॉलंडमधल्या एका नियतकालिकात छापला गेला आणि १९५३ मध्ये त्याच कामाबद्दल क्रेब्ज यांना नोबेल मिळाले. साभार परत आलेली पाकिटे माझ्याही कपाटात आहेत. त्यामुळे हा मजकूर मी दोनदा वाचला.

एटीपीच्या शोधात आपलाही एक माणूस आहे. येल्लाप्रगड सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचे, जन्म १८९५. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी १९२५ मध्ये रक्तातला फॉस्फरस मोजायची पद्धत काढली. त्याच वाटेने १९२७ मध्ये स्नायूंतले फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये एटीपी त्यांच्या हाती लागला. जर्मनीत कार्ल लोमान यांनाही तो त्याच वर्षी स्वतंत्रपणे सापडला. फिस्क-सुब्बाराव पद्धत आपल्या प्रयोगशाळांत मुले अजून करतात. परीक्षानळीत निळा रंग उमटतो आणि तो जितका गडद, तितका फॉस्फरस जास्त. सुब्बाराव १९४८ मध्ये गेले. भारतात त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारावा.

या प्रकरणात मला एक गोष्ट फार आवडली. एका ग्लुकोजच्या रेणूपासून किती एटीपी मिळतात? जुन्या पुस्तकांत ३६ किंवा ३८ असे उत्तर आहे. नव्या पुस्तकांत ३० ते ३२. मी भाचीला म्हटले, "सहा-आठ एटीपी गेले कुठे? अफरातफर झाली की काय?" ती म्हणाली, "पूर्वी धरलेले ३ आणि २ हे पूर्णांक होते. नीट मोजल्यावर ते २.५ आणि १.५ निघाले." म्हणजे लाखो विद्यार्थ्यांनी ज्यावर गुण मिळवले, तो आकडा शास्त्राने शांतपणे खोडला आणि शेजारी नवा लिहिला. खोडलेल्या आकड्यावर सही करण्याचे धैर्य मी बँकेत फार थोड्यांकडे पाहिले आहे.

तरीही हा विषय पुस्तकात शिकला जातो असे म्हणता येणार नाही. तो शिकला जातो प्रयोगशाळेत, उभे राहून. पाय दुखेपर्यंत. भाची पहिले काही आठवडे फक्त पिपेट धरायला शिकत होती. मिलिलिटरच्या हजाराव्या भागाला मायक्रोलिटर म्हणतात. असे वीस मायक्रोलिटर प्रत्येक नळीत सारखेच पडले पाहिजेत. अंगठा हलला की हिशेब हलला. एक नळी नुसती, तिच्यात तपासायचा पदार्थ घालायचाच नाही. तिला ब्लँक म्हणतात. प्रत्येक मापन तीनदा. आधी ठाऊक असलेल्या प्रमाणांचा आलेख काढायचा आणि मगच अज्ञाताला हात घालायचा. प्रथिने मोजायची लाउरी यांची १९५१ ची पद्धत त्यांना होती. तो शोधनिबंध, म्हणे, विज्ञानाच्या साऱ्या इतिहासात सर्वाधिक वेळा उल्लेखला गेलेला. आणि त्यात आहे काय? मोजायची एक रीत. क्रांती नाही, सिद्धान्त नाही, नुसती विश्वासू रीत.

एका संध्याकाळी ती हिरमुसून घरी आली. आलेखावरचे पाच बिंदू सरळ रेषेत आले होते आणि सहावा भलतीकडे. सोबतच्या मुलांचे म्हणणे, तो सोडून दे, कोण पाहतो? सर मात्र म्हणाले होते, "तो बिंदू आहे तिथेच राहू दे. वहीत तारीख घाल. उद्या पुन्हा कर." दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा केले आणि सहावा बिंदू रेषेवर आला. पण वहीत दोन्ही आलेख राहिले. मला आमच्या तरुणपणची कॅश आठवली. दिवसअखेर दहा रुपये कमी आले तर स्वतःच्या खिशातून टाकून टॅली करायची नाही, कमी आहेत असेच लिहायचे, हा पहिला धडा होता. आलेला आकडा आला तसा लिहायचा. हे एक वाक्य शिकायला माणसाला दोन वर्षे लागली तरी ती वाया गेली असे मी म्हणणार नाही.

आता ती मुलगी. १९८९ च्या सुमारास मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आडगावच्या शाखेत होतो. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की टपाल बंद. शाखेतला शिपाई तिथलाच, गोंड समाजातला, कमी बोलणारा माणूस. त्याची थोरली मुलगी सातवीत होती. दर दोन-तीन महिन्यांनी तिचे हातपाय असे दुखत, की रडण्याचा आवाज शाखेपर्यंत येई. डोळे पिवळसर, चेहरा फिकट. ताप आला की दुखणे वाढायचे. कोणी म्हणे वात, कोणी म्हणे कावीळ, कोणी देवाचे. बाप तिला सायकलवर बसवून लांबच्या दवाखान्यात न्यायचा; गोळ्या मिळायच्या, लाल औषध मिळायचे. मी बदलून नागपूरला आलो, त्याच वर्षी ती गेली. पोस्टकार्डावर एका ओळीत त्याने कळवले होते. वय असेल पंधरा-सोळा.

भाचीच्या पुस्तकात हिमोग्लोबिनचे प्रकरण वाचताना त्या मुलीचे सगळे दुखणे मला ओळीने छापलेले सापडले. सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे, तिथे व्हॅलिन बसते. इतकाच फरक. पण ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो, ते पाण्यात रमते. व्हॅलिन पाण्याला टाळते. रक्ताने प्राणवायू सोडला की ही पाण्याला टाळणारी टोके शेजारच्या रेणूला चिकटतात, रेणूंचे लांब दोर तयार होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून त्या जीवघेण्या कळा. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून फिकटपणा, म्हणून पिवळे डोळे. लग्नातल्या कोपऱ्यात गोळा होणाऱ्या माणसांची उपमा मी वर दिली, ती देताना मला हेच आठवत होते.

लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार आहे, हे पसाडेनात १९४९ मध्ये दाखवले. नेमका कोणता मणी बदलला, हे केंब्रिजला व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५० च्या दशकात शोधले. भारतात निलगिरीतल्या आदिवासींमध्ये हा दोष असल्याचे लेहमान आणि कटबुश यांनी १९५२ मध्येच नोंदवले होते. म्हणजे पोस्टकार्ड आले तेव्हा पसाडेनातले ज्ञान चाळीस वर्षांचे झाले होते. आमच्या गावच्या नाल्यापाशी मात्र ते येऊन थांबले होते. पुस्तक मिटून मी बराच वेळ बाल्कनीत बसलो. भाचीने काही विचारले नाही. चहा करून आणला.

पुढच्या सत्रात त्यांना इलेक्ट्रोफोरेसिस होते. जेलमध्ये विजेचा प्रवाह सोडला की निरनिराळ्या भारांची प्रथिने निरनिराळ्या वेगाने पळतात. सिकलसेलच्या हिमोग्लोबिनवर ऋणभार कमी, म्हणून ते मागे राहते. ज्याच्याकडे आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेला असतो, त्याचे दोन पट्टे उमटतात. असा माणूस सहसा धडधाकट असतो. मलेरियापासून त्याला काहीसे संरक्षणही मिळते. म्हणूनच मलेरियाच्या मुलुखात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला. पण असे दोघे एकमेकांशी लग्न करतात, तेव्हा प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. जेलवरचे ते दोन पट्टे पाहून सांगता येते. शिपायाला आणि त्याच्या बायकोला हे कोणी सांगितले असते, तर? निदान आपण काय केले म्हणून देव कोपला, हा प्रश्न तरी त्यांनी आयुष्यभर उराशी बाळगला नसता.

आता पुष्कळ बदलले आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची तपासणी होते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. हायड्रॉक्सियुरिया या स्वस्त औषधाने कळांचे झटके कमी होतात. २०२३ च्या अखेरीस जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचारालाही ब्रिटन आणि अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्याचा खर्च मात्र आपल्या शिपायाच्याच काय, अधिकाऱ्याच्याही आवाक्याबाहेरचा. तेव्हा आपल्याकडे आजही उपयोगाची आहे ती बोटातून घेतलेल्या थेंबाची चाचणी आणि ती समजावून सांगणारा माणूस. यंत्र विकत घेता येते. समजावून सांगणारा विद्यापीठातच तयार करावा लागतो.

असे ज्ञान घरापर्यंत नेणारी एक बाई आपल्याकडे होऊन गेली. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३ मध्ये त्या बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा केवळ मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी अटींवर प्रवेश मिळाला आणि त्यांच्या कामाने संस्थेचे दार इतर मुलींसाठी उघडले. केंब्रिजला त्यांनी बटाट्यासारख्या वनस्पतीतही सायटोक्रोम सी असते, हे दाखवून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांकडून त्यांनी कडधान्ये, नीरा अशा गरिबाच्या ताटातल्या गोष्टींवर काम करून घेतले आणि ग्राहक चळवळीत उतरून अन्नातल्या भेसळीविषयी लिहिले. १९९८ मध्ये त्या गेल्या. सायटोक्रोमपासून नीरेपर्यंतचा तो रस्ता या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी नकाशावर पाहावा.

नोकरीचे काय, हे विचारणाऱ्यांनाही उत्तर द्यायला हवे. औषध कंपन्यांची गुणवत्ता तपासणी, लसनिर्मिती, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा, अन्न तपासणी, अध्यापन, संशोधन अशा वाटा आहेत. सुरुवातीचा पगार डोळे दिपवणारा नसतो आणि संशोधनाची वाट लांब पल्ल्याची असते, हे मुलांना आधीच सांगावे. माझी भाची सध्या एका तपासणी प्रयोगशाळेत काम करते. मधुमेह्यांच्या रक्तातल्या एचबीएवनसीचे आकडे तिच्या हातून जातात. हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर पेशी मरेपर्यंत सुटत नाही, म्हणून तो आकडा दोन-तीन महिन्यांचे पासबुक असतो. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड सोडून त्यातल्या नोंदी बदलत नाहीत. एखादा आकडा विचित्र आला, की ती नमुना पुन्हा लावते. मागे एका रुग्णाचा आकडा असाच जुळेना, तेव्हा तिने पुढची तपासणी सुचवली आणि त्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्येच वेगळेपणा निघाला.

परवा तिच्या जुन्या अभ्यासक्रमाची छापील प्रत रद्दीत निघाली. त्यात एक ओळ होती: 'हिमोग्लोबिन: रचना, कार्य आणि विकार – ४ तास.' मी ती प्रत रद्दीतून काढून ठेवली आहे.